अर्थमंत्र्यांचा हर्निया

त्या सलूनमध्ये खुर्च्या तीन, आरसे दोन आणि मत एकच, ते मालकांचं. साठी उलटलेल्या या गृहस्थांना सगळे ‘अर्थमंत्री’ म्हणत, आणि तेही तोंडावर, कारण त्यांना ते मनापासून आवडायचं. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागला की अर्थमंत्र्यांचं भाषण सुरू. वस्तरा गळ्यावर असल्यामुळे विरोधी पक्ष शांत असे.

विषय ठरलेला. थोरली लेक ज्या देशात नांदत होती, तिथे सरकार पगाराचा जवळजवळ अर्धा भाग कापून घेई, पण दवाखान्यात कुणाला खिशात हात घालावा लागत नसे. तिचं बाळंतपण झालं, जावयाचा मोडलेला पाय जुळला, खर्च काय तो गाडी उभी करण्याचा. धाकटा मुलगा दुसऱ्याच देशात. तिथे कर कमी आणि पगार घसघशीत. मात्र त्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा विमा असूनही जे बिल आलं, ते बघून उतरलेली भूल म्हणे पुन्हा चढली.

“आता बोला, कोण शहाणं?” अर्थमंत्री विचारत आणि उत्तर यायच्या आत वरच्या ओठावर वस्तरा ठेवत.

हे ज्ञान त्यांना एका हाताने उजवी जांघ दाबून वाटावं लागे. तिथे हर्निया होता. दिवसभर उभं राहिलं की फुगायचा, आडवं झालं की निमूट आत जायचा. ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितल्याला वर्ष होत आलं होतं. पण अर्थमंत्र्यांचा अभ्यास संपत नव्हता.

“बाबा, इथे फुकट आहे ते इथे राहणाऱ्यांना. पाहुण्यांना नाही. शिवाय नंबर लागायला महिने लागतात,” थोरली फोनवर म्हणाली.

“मग जावईबापू एवढा कर भरतात तो कुणासाठी?” ते तडकले.

धाकटा म्हणाला, “इथे लगेच होईल, बाबा. पण नंतर तुम्हाला माझ्याकडे राहता येणार नाही, कारण घर विकलेलं असेल.”

“अहो, समोर सरकारी दवाखाना आहे,” बायको रोज म्हणे. “तुमच्या आरशात दिसतो. तिथे का नाही करत?”

“इथल्या व्यवस्थेचा विचार अजून व्हायचाय,” असं म्हणून ते वेळ मारून नेत. बायको कपाळाला हात लावी. मुत्सद्दीपणाचा एवढा आव आणणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

एके सकाळी बँकेतले साहेब दाढीला बसले आणि साबणाच्या फेसातून म्हणाले, “कर कमीच बरा. ज्याचं त्याने बघावं.” अर्थमंत्री उसळले, वस्तरा उंचावून “मुळीच नाही!” म्हणाले आणि तिथेच पोट धरून खाली बसले. फुगवटा या वेळी आत जाईना. अर्धी दाढी झालेले साहेब गळ्यातल्या कापडासकट त्यांना धरून रस्ता ओलांडून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि सांगितलं, “आतडं अडकलंय. आत्ताच उघडावं लागेल, उशीर केला तर जिवावर बेतेल.”

बायको धावत आली. पडद्याआड अर्थमंत्री खाटेवर आडवे झाले होते आणि ऑपरेशनची जागा साफ करायला एक वॉर्डबॉय वस्तरा घेऊन आला. माणूस पन्नाशीचा, पण हुद्दा बॉयचा. त्याने बायकोला पडद्याबाहेर उभं केलं आणि वस्तरा टेकवला.

“थांबा!” अर्थमंत्री कळवळत ओरडले. “वस्तरा असा धरतात? आधी कातडी ताणायची. द्या इकडे, माझं मी करतो.”

वॉर्डबॉयने मुकाट्याने वस्तरा दिला. अर्थमंत्र्यांनी डाव्या हाताने कातडी ताणली, उजवा पुढे नेला आणि तो हात लटलट कापायला लागला. गावभरच्या गळ्यांवरून फिरलेला हात. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला, तर दोन्ही कापायला लागले.

वस्तरा त्यांनी परत दिला.

“अगं,” ते पडद्याकडे बघून म्हणाले, “आहेस ना?”

“आहे की.”

“मला भीती वाटते गं. पहिल्यापासून वाटत होती. ते कर-बिर काही नव्हतं.”

पलीकडून बायको म्हणाली, “मग तसं सांगायचं होतंत. मलाही वाटत होती. वर्षभर एकटीच घाबरत होते मी.”

पडद्याखालून तिचा हात आत आला. अर्थमंत्र्यांनी तो घट्ट धरला, डोळे मिटले आणि वॉर्डबॉयला म्हणाले, “करा तुम्हाला जमेल तसं.”

वॉर्डबॉयने आधी कातडी ताणली. अर्थमंत्री त्यावर एक शब्दही बोलले नाहीत.