इंग्रजी तारखेचं वर्ष

बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत ते तिथी मोजायचे आणि म्हणायचे, "पंचांगात सगळं सापडतं. बघणाऱ्याला सवड हवी." बारामतीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे हे गुरुजी. असा एखादा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल. कपाळावरचा चष्मा घरभर शोधतील, पण अष्टमी कधी लागते ते झोपेतही सांगतील.

माझी मामेबहीण शांता इंदापूरकडची. नवरा मारकुटा निघाला. घटस्फोटाचा कायदा तेव्हा नवाच होता. पुण्याच्या कोर्टानं तिला मोकळं केलं. वडगावच्या एका विधुर बागायतदारानं तिला मागणी घातली. वकिलानं बजावलं होतं, हुकूम झाल्यापासून पुरतं वर्ष लोटल्याशिवाय दुसरं लग्न करायचं नाही. केलंत तर कोर्टात टिकणार नाही. आणि पहिला नवरा तर खोट काढायला टपूनच होता मेला.

अशा बाईचं लग्न लावायला दोन भटजींनी आढेवेढे घेतले. आमचे गुरुजी म्हणाले, "लावतो की. त्यात काय?" त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला. त्यांनी पेरं मोजली आणि वर्ष भरल्यावरचा पहिलाच मुहूर्त धरला.

आदल्या दिवशी मी वकिलाला आमंत्रण द्यायला गेलो. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिथीनं वर्ष भरलं होतं, तारखेनं नव्हतं. तिथी दहा-अकरा दिवस अलीकडे येते हे गुरुजींना ठाऊक नव्हतं थोडंच! पण कोर्टाचं वर्ष निराळं असेल, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मामा भडकले. पाव्हणे आलेत, बुंदी पाडून झालीय, आता उरकून टाका, कोर्टाला कोण सांगायला जातंय, म्हणाले. गुरुजी खाली मान घालून बसले होते. मग शांता बापाला म्हणाली,

"न्हाय आबा. हे लगीन कुणाला मोडता येऊ नये. थांबते मी."

गुरुजींनी मान वर केली. "चूक माझी, पोरी. उद्या साखरपुडा करू. तेवढं पंचांगात सापडतंय."

बुंदी साखरपुड्याला खपली. पंधरवड्यात लग्न लागलं आणि शांताचा संसार छान मार्गी लागला. गुरुजींच्या पंचांगाशेजारी कॅलेंडर आलं. पुढं कुणी बारशाचं विचारायला आलं तरी ते आधी म्हणत, "इंग्रजी तारीख काय?" आम्ही हसायचो, तेही हसायचे.

काही वर्षांनी गुरुजी गेले. त्यांच्या मुलानं वर्षश्राद्ध तिथीला यथासांग केलं. सगळा गाव जेवून गेला, शांता मात्र आली नाही. फार राग आला मला तिचा.

पुढच्याच आठवड्यात दारात बैलगाडी थांबली. शांता, नवरा, दोन पोरं आणि वांग्यांची पाटी.

"आता आलीस? तिथी कधीच झाली," मी कुरकुरलो.

"आमी तारीख धरली, दादा," ती म्हणाली. "गुरुजींचं वरीस आज भरलं."

पाटी उचलून ती शेजारी गेली. गुरुजींच्या घरात त्या दिवशी पुन्हा एकदा पानं मांडली गेली.