गप्पीदासाचा माइक

गिरणीत त्याला सगळे गप्पीदास म्हणत. कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, पण हा गडी नुसते ओठ हलवून चार साचे पलीकडच्याचीही फिरकी घ्यायचा. शेजारच्या साच्यावर बायको. दोघांचं लग्न, भांडणं, लेकीचं नाव, सगळं ओठांवरच ठरलं. तीस वर्षांत त्याचे कान गेले आणि तिला एक खोड जडली. जगाशी खणखणीत बोलायची. नवऱ्याकडे तोंड वळलं की आवाज बंद, नुसते ओठ.

"आई, बाबांना कानाचं मशीन लावलंय आता. बोल की मोठ्यानं!" लेक म्हणायची.

"मग आणखी कशी बोलू? बोलतेच आहे की!" तिला खरंच कळत नसे.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला आणि ओठ झाकले गेले. भेटीच्या वेळी वॉर्डात ही गर्दी! त्याच्या कानातलं मशीन सगळ्यांचं बोलणं एकत्र कालवून द्यायचं. लेकीनं धावपळ करून छोटासा माइक आणला. बोलणाऱ्याच्या गळ्याशी लावला की शब्द थेट मशीनमध्ये. घरी मिक्सर चालू ठेवून तिनं तो पारखला. बाबांनी तिचं वाक्य न् वाक्य परत म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो बायकोच्या गळ्याशी लावला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मास्क वाफेनं धुरकटला, हनुवटी हलत राहिली, बराच वेळ. कानात नुसता श्वास.

"अगं, आवाज काढ. माइक लावलाय."

तिनं मान हलवली. पुन्हा श्वासच.

"आजी, दुखतंय का?" नर्सनं विचारलं.

"नाही."

थेट त्याच्या कानात. इतक्या जवळून तिचा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. तो घाईघाईनं वाकला. ती त्याच्याकडे वळली आणि आवाज गेला.

"सिस्टर, मास्क जरा वर करा. मी ओठ बघतो."

"नाही आजोबा. आत्ता क्षणभरही नको."

सकाळी ती गेली.

रडून रडून डोळे सुजलेल्या लेकीनं विचारलं, "बाबा, काल मी दारातून पाहिलं, आई एवढं बोलत होती. ऐकू आलं ना सगळं?"

त्याला आठवलं, माइकसाठी ती किती दुकानं फिरली होती.

"आलं की. तुला जप म्हणाली."

"अजून?"

गप्पीदासानं तोंड उघडलं; नुसते ओठ हलले.