हौदा म्हणजे होय नव्हे

कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्यांत मी एकटीच बाई होते. पुढे कॉम्प्युटर आला, तसं शुक्रवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत काम सुरू केलं आणि वकीलच घरी यायला लागले. त्याचं कारण माझा वेग नव्हता. माहेरी घरात कन्नड आणि शाळेत मराठी, असं माझं बालपण. त्यामुळे अक्कलकोटकडचा एखादा कन्नड कागद मराठीत करायचा असला की माझं नाव निघायचं. भाषांतराखाली ‘अचूक व खरे’ असं लिहून मी सही करायचे. ती सही मला फार आवडायची, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या काही वर्षांत कागदांऐवजी फोन यायला लागले. पोटगीच्या दाव्यात नवरा म्हणतो, हाताला काम नाही. बायकोचा वकील त्यानेच इंटरनेटवर टाकलेला नव्या मोटारसायकलवरचा फोटो छापून लावतो. कुणी म्हणतो, त्या दिवशी मी गावातच नव्हतो, आणि मोबाइलचा टॉवर सांगतो की होता. व्हॉट्सॲपवरची भांडणं मी पानंच्या पानं टाइप केली आहेत. हसणारा चेहरा कसा टाइप करायचा, हा प्रश्न मला कुठल्याच टायपिंगच्या परीक्षेत आला नव्हता. मी कंसात ‘हसणारे तोंड’ असं लिहायला लागले. एका वकिलांनी ते ‘छद्मी हसणारे तोंड’ असं करून मागितलं. मी म्हटलं, छद्मी की साधं ते जज्जसाहेबांना ठरवू द्या, मला दात दिसतायत तेवढेच मी लिहिणार. ते चिडून गेले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. दुसरीकडे कुठे जाणार?

असा माझा तोरा होता, तेव्हाची ही गोष्ट.

मैंदर्गीचे एक गृहस्थ आपल्या वकिलांबरोबर आले. गावात त्यांचं बियाण्यांचं दुकान. वडील गेल्यावर राहिलेली विहिरीची जमीन तेच कसत होते. पुढे आईही आजारपणात गेली. धाकटी बहीण मंद्रूपला दिलेली. तिने जमिनीतला आपला वाटा मागितला आणि दावा लावला. भावाचं म्हणणं असं की, वाटणी तोंडी केव्हाच झालेली आहे. आईचे दागिने बहिणीला आणि जमीन भावाला, हे तिने स्वतः फोनवर कबूल केलंय. आणि ते फोनवरचं बोलणं त्यांच्याकडे होतं. दुकानात कोण काय मागवतं ते विसरायला नको म्हणून त्यांनी फोनवर येणारंजाणारं सगळं बोलणं आपोआप टिपून ठेवायची सोय करून घेतली होती.

“मी काय तिला फसवायला टेप न्हाई केली,” ते मला म्हणाले. “समद्यांचंच होतंय त्यात. ती व्हय म्हनलेली हाय. तुमीच आयका की.”

माणूस खोटं बोलणारा वाटला नाही. आजही वाटत नाही.

वकिलांनी मला व्हॉट्सॲपवर मिनिटभराचा तुकडा पाठवला. त्याआधी त्यांनी तो बोललेलं आपोआप लिहून देणाऱ्या कुठल्याशा ॲपमध्ये घालून पाहिला होता. भाऊ दुकानातल्या सवयीने बोलत होता मराठीत, त्याचं बरंचसं बरोबर आलं होतं. बहीण उत्तर देत होती कन्नडमध्ये, आणि तिच्या प्रत्येक उत्तराच्या जागी यंत्राने ‘हौद’ असं लिहिलं होतं. “या बाईंच्या घरी पाण्याचे हौद आहेत तरी किती?” असं वकिलांनी विचारलं आणि आम्ही दोघं खूप हसलो. मी म्हटलं, अहो, कन्नडमध्ये हौद म्हणजे होय.

कानाला हेडफोन लावून मी तो तुकडा उतरवून काढला. भाऊ म्हणतो, “जमीन माझ्याकडंच ऱ्हाऊ दे, दागिने तुझ्याकडं हायतच की.” बहीण: होय. “तलाठ्याकडं माझंच नाव लावून घेतो मग.” बहीण: होय. “आईलाबी हेच पसंत हाय.” बहीण: होय. खाली लिहिलं, अचूक व खरे, आणि सही केली. अर्ध्या तासाचं काम.

बहिणीच्या वकीलबाई वयाने लहान, पण पक्क्या निघाल्या. त्यांनी पहिली हरकत भाषांतरावर घेतलीच नाही. त्यांनी विचारलं, हा तुकडा कापला कुणी? एका फोनवरून दुसऱ्यावर पाठवलेली, मध्येच सुरू होऊन मध्येच संपणारी फाइल म्हणजे पुरावा नव्हे. मूळ फोन कुठे आहे? तो कुणाच्या ताब्यात असतो, रेकॉर्डिंग कसं होतं, फाइल त्यातून जशीच्या तशी काढली का, याचं सहीचं प्रमाणपत्र कुठे आहे? भावाच्या वकिलांना वाटलं होतं की भाऊ शपथेवर सांगतोय म्हटल्यावर तेवढं पुरेल. पुरलं नाही. मग भावाने फोन हजर केला. जाणकार माणसाने त्यातून पूर्ण संभाषणाची नक्कल काढली आणि त्या फाइलचा एक लांबलचक आकडा कागदावर नोंदवला. फाइलमधला एक श्वास जरी कुणी इकडेतिकडे केला तरी तो आकडा बदलतो, असं त्याने समजावून सांगितलं. यंत्राची ही शिस्त मला आवडली.

पूर्ण संभाषण अकरा मिनिटांचं होतं. त्याचंही भाषांतर माझ्याकडेच आलं.

दुपारची वेळ होती. पंख्याचा आवाज नको म्हणून तो बंद करून मी ऐकायला बसले. पहिली काही मिनिटं जमिनीचं नावही नव्हतं. भाऊ म्हणतो, गाय व्याली, कालवड झाली. बहीण म्हणते, “हौदा?” भाऊ म्हणतो, मैंदर्गीची सकाळची गाडी आता उशिरा सुटती. “हौदा?” शेजारच्या म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. “हौदा?”

माझे हात कीबोर्डवरच राहिले.

हौद म्हणजे होय. हौदा म्हणजे असं का? शेवटचा स्वर जरा लांबतो आणि वर चढतो, एवढाच फरक. माझी आई दिवसातून शंभरदा हौदा म्हणायची. दारात आलेल्या भाजीवालीलाही म्हणायची. त्यात कबुली नसते, नकारही नसतो. तू बोल, मी ऐकतेय, एवढंच असतं. आमच्याकडे थोरला भाऊ बोलत असताना धाकटी बहीण मध्ये तोंड घालत नाही, आणि गप्पही राहत नाही, कारण गप्प राहिलं तर रागावली असं होतं. म्हणून ती हौदा म्हणत राहते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आईच्या दुधाबरोबर आलेलं होतं. पण माझ्यापुढे आला तो कापलेला तुकडा, त्यात फक्त जमिनीची वाक्यं, आणि भावाने आधीच सांगून ठेवलेलं की ती व्हय म्हणाली आहे. मी त्याच्या कानाने ऐकलं.

मला राग आला. तो स्वतःचा यायला हवा होता, पण आधी वकिलांचा आला, मग त्या ॲपचा आला, मग त्या बाईचाही आला की हिला सरळ नको म्हणता येत नव्हतं का. दोन दिवस मी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होते. तिसऱ्या दिवशी वकिलांना फोन करून सांगितलं की माझं पहिलं भाषांतर चुकलंय. ते म्हणाले, “मॅडम, दोन्ही अर्थ निघू शकतात ना? साक्षीत तेवढंच म्हणा.” म्हटलं तर खोटं नव्हतं ते. बोलण्याच्या ओघात कुणी स्वर लांबवतो, कुणी आखडतो. दोन्ही अर्थ निघतात असं म्हटलं असतं तर माझी सही वाचली असती आणि त्या बाईची जमीन कदाचित गेली असती. तोंडी वाटणी झालीच नाही हे दाखवायला तिच्याकडे दुसरा काहीच आधार नव्हता. दागिने तिने आईच्या आजारपणात घेतले होते ही गोष्ट खरीच होती, आणि त्या बोलण्यात तिने कुठेही नाही म्हटलेलं नव्हतं.

साक्षीला उभी राहिले तेव्हा वकीलबाईंनी माझंच नवं भाषांतर माझ्या हातात दिलं. त्यात मी ‘हौदा’ हा शब्द आहे तसाच ठेवला होता.

“गाय व्याली, असं भाऊ सांगतात. त्यावर माझ्या पक्षकार काय म्हणतात?”

“हौदा.”

“म्हणजे गाय व्यायला त्यांनी संमती दिली, असं म्हणायचं का?”

कोर्टात लोक हसले. जज्जसाहेबांनीही मान खाली घातली. इतकी वर्षं त्या इमारतीत मी ताठ मानेने वावरले होते आणि आता माझे कान तापले होते. लाज वाटली, हे कबूल करते.

“नाही,” मी म्हटलं. “ऐकतेय, एवढाच अर्थ होतो. जमिनीच्या वाक्यांनाही तोच अर्थ आहे. आधीच्या भाषांतरात मी होय लिहिलं, ती माझी चूक आहे.”

लघुलेखकाने ते लिहून घेतलं. भाऊ समोरच बसले होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, “बाई, मला तवा खरंच वाटलं हुतं, ती व्हय म्हणतीया.” मी म्हटलं, मलाही वाटलं होतं.

निकाल बहिणीच्या बाजूने लागला. त्या बोलण्यातून संमती सिद्ध होत नाही, असं निकालपत्रात आलं. पुढे जमिनीची मोजणी होऊन तिचा हिस्सा वेगळा निघाला. वकिलांनी त्यानंतर मला काम दिलं नाही, त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मी मात्र तेव्हापासून तुकडा घेत नाही. पूर्ण बोलणं असेल तरच या, असं सांगते. त्यामुळे निम्मं काम कमी झालंय, आणि लोक मला आडमुठी म्हणतात.

वर्षभराने ती बहीण स्वतःच माझ्याकडे आली. सासऱ्यांचा जुना कन्नड दस्त होता, तो मराठीत करून हवा होता. अंगाने बारीक, बोलायला हळू. मला अक्का म्हणाली. अकरा मिनिटं जिचा आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकला होता, तिला नीट समोरून पाहत होते ती त्या दिवशी पहिल्यांदा. चहा करून दिला. कागद वाचता वाचता सहज विचारलं, भावाशी बोलणं आहे का आता?

“हाय की,” ती म्हणाली. “सणाला फोन करतोय अण्णा. आईच्या दिवसालाबी केला हुता. टेप बंद केलीया म्हणतो.”

“मग बरं झालं.”

“व्हय. पर मला कसं कळनार, अक्का? मी आता काय बोलतच न्हाय. तो बोलतो, मी आयकते. लई येळ बोलतो. पोरांचं सांगतो, दुकानाचं सांगतो. मी हूंसुदिक म्हणत न्हाय.”

मी कागद खाली ठेवला. तिच्या त्या गप्प बसण्यात माझ्या सहीचाही वाटा होता, आणि तो मला मोडून परत देता येण्यासारखा नव्हता.  विचारलं, “मग तो काय म्हणतो?”

“मधीच थांबतो,” ती म्हणाली. “इचारतो, हायस न्हवं गं? मी तवाबी काय बोलत न्हाय. फोन तेवढा ठिवत न्हाय.”