झोपाळ्याखालची पायरी

"खाली बैस गे. बसून म्हण. तुमच्या घरातल्या बायका बसूनच म्हणत आल्या."

राजवाड्यामागच्या मोठ्या घराच्या बाईसाहेब हे मराठीत म्हणाल्या. मी माईक धरून उभी होते. साउंड चेक नुकताच झाला होता. पाळण्याला झेंडू बांधून झाले होते, पाहुणे येऊन बसले होते. आमच्या गिटारवाल्या अरुळला त्यांनी मघाशीच तमिळमध्ये, मानाने, कॉफी घेतली का विचारलं होतं. मला मात्र मराठीत आणि एकेरीत.

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्ल्यांत अजून मराठी बोलणारी घरं आहेत. मोठ्या घरात मराठी बोलतात, आमच्या दोन खोल्यांतही बोलतात. फरक एवढाच, की त्यांचे पूर्वज दरबारात होते आणि माझी पणजी त्यांच्याकडे गायला होती. 'गायला' म्हणजे काय, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्या घरात बाळ जन्मलं की बारशाला पाळणा म्हणायला आमच्यातली बाई जायची. झोपाळ्यावर त्यांच्या बायका. खाली दगडी पायरी, तिच्यावर आमची बाई.

त्या घराला आता ग्रॅनाइट बसवलंय, एसी लावलाय. पायरी मात्र तशीच ठेवलीय. जुनी आहे म्हणून पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

मी तिसरीत होते तेव्हा आई मला घेऊन गेली होती. मी पायरीवर बसून पाळणा म्हटला. सगळ्यांनी वा वा केलं. मला वाटलं, आता झालं आपलं काम. उठले आणि झोपाळ्यावर त्या घरातल्या मुलींशेजारी जाऊन टेकले. कुणीतरी मागून वेणी धरून ओढली. "उतर." एवढंच म्हणाली ती बाई. मी आईकडे बघितलं. आई पायरीवर पदर सावरत होती. पंगतीत आम्हाला पान नव्हतं. आमचं जेवण डब्यात भरून दिलं. वाटेत आई म्हणाली, सांडू नको.

आमच्या बँडचं नाव पुदु आरु. गावातून जाणाऱ्या कालव्याला लोक तसंच म्हणतात, नवी नदी. दिवसा मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. संध्याकाळी पापनाशमला जाते. तिथल्या एका बंद भातगिरणीच्या माडीवर आमची प्रॅक्टिस चालते. गाणी आमची आम्हीच बसवलेली. गिटार खणखणीत आणि चाल गोड. चार पोरं आणि मी. दोन-तीन व्हिडिओ बरे चालले, कॉलेजांतून बोलावणी यायला लागली. मग मोठ्या घरातल्या मुलाचा, बाईसाहेबांच्या लेकाचा, फोन आला. चेन्नईत एक मोठा महोत्सव होतो, तिथे कुणाला गायला घ्यायचं ते ठरवणाऱ्यांत तो होता. म्हणाला, माझ्या मुलीच्या बारशाला वाजवा, चेन्नईचं मी बघतो.

पोरं हवेतच. अरुळने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याने मला त्या मुलाशी मराठीत बोलताना ऐकलं होतं. "तुझीच माणसं की गं," तो म्हणाला. मराठी बोलतात म्हणजे नातेवाईकच असणार, असं त्याला वाटलं. बिचाऱ्याला काय माहीत! आणि मी हो-नाही काही बोलले नाही. लाज वाटली. कुणाची, ते तेव्हा कळलं नाही.

तर बाईसाहेब म्हणाल्या, खाली बैस.

अरुळने विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, आधी बसून पाळणा म्हणायचा आहे. एवढंच ना, म्हणाला. एकच गाणं, म्हणून टाक, चेन्नई आहे पुढे.

खरं सांगते, मला आधी रागसुद्धा आला नाही. थकवा आला. दिवसभर काउंटरला उभी राहिलेली मी, वाटलं, बसावं आणि संपवावं एकदाचं. आणि तेवढ्यात लक्षात आलं, की माझे गुडघे वाकायला लागलेत. मी अजून ठरवलंही नव्हतं. एक हात पदराकडे गेला होता, पदर सावरून बसायला. मी तर त्या दिवशी जीन्स घातली होती.

माझी मलाच शिसारी आली.

मी सरळ झाले. माईक तोंडाशी नेला आणि तमिळमध्ये बोलले, म्हणजे पंगतीची पानं मांडणाऱ्यांनाही कळावं.

"या पायरीवर बसून माझी पणजी गायली. आजी गायली, आई गायली. तिसरीत असताना मी गायले. आज मी पाळणा म्हणेन, पण उभी राहून. तसं चालत नसेल तर म्हणणार नाही."

तो मुलगा हसत हसत पुढे आला, म्हणाला, एवढं मनाला लावून घेऊ नका, वडीलधाऱ्यांची हौस आहे. बाईसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाळणा उभ्याने म्हणत नाहीत. बाळाला ते बरं नसतं." मी माईक स्टँडला लावला आणि वायरी गुंडाळायला लागले. गुंडाळी काही नीट होईना.

व्हॅन कालव्याच्या पुलावर आली. मग अरुळ म्हणाला, आधी का नाही सांगितलंस? म्हटलं, तू 'तुझीच माणसं' म्हणालास तेव्हाच सांगायला हवं होतं.

चेन्नई गेलं. आमच्याऐवजी दुसरा बँड गेला. आमचा बेस वाजवणारा लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गेला. त्याला दोष देत नाही, त्याला घर चालवायचंय. आई महिनाभर धड बोलली नाही. म्हणाली, एक पाळणा म्हणून तुझी जीभ झिजली असती? दिवाळीला मोठ्या घरातून तिला साडी यायची, ती आली नाही. त्या साडीसाठी रडली ती. तशा साड्यांची चळत आहे तिच्या ट्रंकेत, एकही नेसलेली नाही.

गेल्या महिन्यात त्या घरात पुन्हा बारसं निघालं. त्यांचा ड्रायव्हर दारात आला. मोठी नको म्हणाल्यात बाईसाहेब, धाकटीला पाठवा. धाकटी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. आता ती तिसरीत आहे आणि छान गाते. मी आत पाहिलं तर आईने तिला तेल लावून वेणी घालून ठेवली होती. वेणीत मोगराही माळला होता. निरोप आईला आधीच आला असणार.

मी उंबऱ्यावर आडवी उभी राहिले. ड्रायव्हरला म्हटलं, "सांगा बाईसाहेबांना, ही येणार नाही. हिच्या पोरीही येणार नाहीत."

आई आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. पोरीने तमिळमध्ये विचारलं, का गं चित्ती, का नको? मावशीला ती चित्ती म्हणते. तिला मराठी सगळं कळतं, बोलता येत नाही. मी तिला मराठीतच सांगितलं. पणजीचं, डब्याचं, ओढलेल्या वेणीचं, माझ्या गुडघ्यांचं. मला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. अंगानेच शिकले मी ते.

बँड टिकेल की नाही, ठाऊक नाही. बेसला कुणी मिळालेलं नाही. गळाही हल्ली लवकर दमतो. पण त्या पायरीवर आमच्या घरातलं कुणी आता बसणार नाही. आईने धाडलं तरी नाही, पोर स्वतः निघाली तरी नाही. पुन्हा निरोप येईल, मला माहीत आहे. दारात मी असेन.