बिप्लवच्या टीमले आम्ही बाहेर काढलं

मित्रांनो, आज मले स्वतःचीच लाज वाटून राह्यली.

युरोपातले श्रीमंत फुटबॉल क्लब लहान क्लबायले वगळून आपली वेगळी लीग काढणार, हे वाचून सकाळी मी इथी भरपूर शिव्या घातल्या.

दुपारी अहेरीत आमच्या फुटबॉल स्पर्धेची मीटिंग झाली. स्पॉन्सर म्हणे, "खेड्यातल्या टीम नको. मोठेच क्लब खेळवा." मी पण हात वर केला.

बाहेर बिप्लव उभा होता. माझा जुना दोस्त, मुलचेऱ्याकडच्या खेड्यातून दरवर्षी टीम आणते.

"भाऊ, आमाले काऊन काढलं?"

"स्पॉन्सर नाई म्हणते रे."

"तुझी सकाळची पोस्ट मीच पोरायले वाचून दाखवली," तो म्हणाला, अन् गाडीले किक मारून निघून गेला.

मीटिंग पुन्हा बोलवा, असं मी आत्ताच ग्रुपवर टाकलं. पण बिप्लवले कोणत्या तोंडानं फोन करू?