बाबांचं मोठ्याने वाचन

आमच्या घरात टीव्हीला उत्तर द्यायची पद्धत आहे. ती पाडली आईने. बाकीच्यांच्या आया टीव्ही बघतात, आमची आई टीव्हीशी भांडायची. संध्याकाळी सातला मालिका सुरू झाली की ही पदर खोचून सोफ्याच्या कडेला यायची आणि मग पडद्यावरच्या सुनेला सूचना सुटायच्या. "अगं बाई, मागं बघ, मागं! दारामागं उभी हाय ती!" सून काही मागे बघायची नाही. खलनायिका दुधात काहीतरी कालवून, भुवया उडवून निघून जायची, आणि आई आमच्याकडे वळून म्हणायची, "लय बावळट हाय ही. असल्या पोरीला कोण नांदवंल?"

बातम्यांचं तर विचारूच नका. आई पिंपळगाव बसवंतकडची, माहेरी कांदा. त्यामुळे कांद्याची बातमी लागली की मी स्वयंपाकघरात सटकायचे. शहरातल्या भाजीबाजारात उभी राहून, हातात एक कांदा धरून ती बातमीवाली मुलगी म्हणायची, "कांद्याने आणलं गृहिणींच्या डोळ्यांत पाणी!" आई उसळायची. "अन् आम्ही उकिरड्यावर ओतला तव्हा कुठं गेली होती गं तू, भवाने? तव्हा नाय आलं कोणाच्या डोळ्यात पाणी?" मला विचाराल तर देशातल्या कुठल्याही चर्चेत यापेक्षा नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. पण त्या चर्चांमध्ये आईला कोण बोलावणार? तिथे सहा चौकटींत सहा माणसं एकदम ओरडतात आणि सातवा त्यांना शांत राहायला सांगत स्वतः ओरडतो.

आणि या सगळ्या गदारोळात शेजारच्या खुर्चीत बाबा. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांचे शब्द दोन, "हं" आणि "बरं". लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण एवढ्या वर्षांत त्यांनी आईला सलग चार वाक्यं ऐकवल्याचं मला तरी आठवत नाही. "तुमच्याकडे राहतात दोघं, पण आवाज एकाचाच येतो," असं खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या. आई म्हणायची, "मग काय करू? भिंतीशी बोलू? त्यापेक्षा टीव्ही बरा, निदान हलतो तरी." बाबा म्हणायचे, "हं."

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी आई पोळ्या लाटता लाटता खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. बाबांचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या दुसऱ्या टोकाला माझ्या घरी होते. ते फोनवर फक्त "ये" म्हणाले. द्वारकेच्या चौकात शिव्या न देता जो स्कूटर चालवतो तो संत माणूस, आणि मी काही संत नाही, पण त्या दिवशी माझ्या तोंडून शिवीसुद्धा निघाली नाही.

अर्धांगवायूचा झटका. वेळेत नेलं म्हणून वाचली. उजव्या हातापायांत हळूहळू बळ येईल, म्हणाले डॉक्टर. "समजतं त्यांना सगळं. फक्त बोलता येत नाहीये. येईल कदाचित. नाही म्हणजे, सांगता येत नाही." ते 'कदाचित' घेऊन आम्ही घरी आलो.

आईला त्या सोफ्यावर बसवलं. सवयीने मीच टीव्ही लावला. सून तीच, दूध तेच, दारामागे तीच बया. आईचे ओठ हलले. "त... त..." एवढंच. पुन्हा, "त... त..." आणि मग ती रडायला लागली. पडद्यावर सुनेने दूध पिऊन टाकलं. घरातून तिला कोणी काही सांगितलं नाही. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. आई जगली होती, समोर बसली होती, तरी मला वाटत होतं की आई कुठे गेली ती आता सापडणार नाही.

मग सुरू झाले सल्ले. कोणी वेखंड उगाळून जिभेला लावायला आणून दिलं. माझ्या लेकीच्या फोनमध्ये रील्सची रांग लागली, एक दाढीवाला गाल फुगवून दाखवतोय, एक बाई चमच्याने जीभ दाबतेय. आत्या आल्या आणि म्हणाल्या, "अगं, अचानक मोठा धक्का बसला ना, की वाचा परत येते. मी बघितलंय." कुठे बघितलं ते मी ओळखलं. मालिकेत वाचा गेलेल्या माणसाच्या समोर पोरगं जिन्यावरून घरंगळतं, तीन वेळा चेहरा मोठा करून दाखवतात, वीज कडाडते आणि माणूस खणखणीत आवाजात अख्खा परिच्छेद म्हणतो. "मग मी पडू का आत्या गॅलरीतून?" मी म्हटलं. आत्या रागावल्या, चहा न घेता गेल्या. जाऊ देत.

खरा इलाज सांगितला स्पीच थेरपीच्या मॅडमनी, आणि तो ऐकून आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. "त्यांच्याशी बोलत राहा," त्या म्हणाल्या. "दिवसभर. जे सुचेल ते. मधेच वाक्य अर्धं सोडा, त्यांना पुरं करावंसं वाटू दे. घरी असतं ना कोणी?" घरी असायचे बाबा. माझे दुपारी शिकवणीचे वर्ग, सकाळी पोरीची शाळा. हे म्हणजे मुक्या माणसाला कीर्तनाला उभं करण्यासारखं होतं. बाबांनी मॅडमकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी आई-बाबांकडे गेले, जिना चढत होते तर वरून नोटीस वाचल्यासारखा एक आवाज येत होता. दार उघडून बघते तर बाबा आईसमोर स्टूल घेऊन बसलेले आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते. कुठल्या तरी वसाहतीत बिबट्या शिरला होता, त्याची बातमी. "सदर बिबट्या पार्किंगमध्ये मोटारीखाली बसून राहिला." थांबले. वर बघितलं. "सदर बिबट्या... कुठे बसून राहिला?" आई नुसती बघत होती. "मोटारीखाली," बाबांनी स्वतःच उत्तर दिलं आणि पुढे गेले.

मग रोज हेच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पुढच्या सिंहस्थाची रस्त्यांची कामं, दिंडोरीकडच्या द्राक्षांवर पडलेलं धुकं, निधनवार्ता, टेंडरच्या जाहिराती. सिनेमाचं पान तर ऐकण्यासारखं. एक नटी विमानतळावर कुठला कोट घालून उतरली हे बाबा ज्या आवाजात वाचायचे, त्या आवाजात त्यांनी आयुष्यभर कालव्याच्या पाण्याची आवर्तनं वाचली असणार. मला हसू यायचं आणि भरूनही यायचं. ज्यांना आयुष्यभर बोलायचा कंटाळा, त्यांचा घसा बसला होता बोलून. खडीसाखर तोंडात धरून वाचायचे. आई मात्र अजून "त... त..." वर होती.

थंडी सरत आली तसं मला एक खटकायला लागलं. बाबा चुकत होते. एका नटाचं लग्न त्यांनी भलत्याच नटीशी लावून दिलं. क्रिकेटमध्ये आपण जिंकलेल्या सामन्यात आपल्याला हरवलं. मालिकेतल्या सुनेला तिच्याच नणंदेची सासू केलं. आधी मी सोडून दिलं, म्हातारा माणूस, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग एकदा त्यांनी वाचलं की संक्रांत यंदा मार्चमध्ये येतेय. एक बोलत नाही आणि दुसऱ्याचं डोकं बिघडत चाललं, आता मी करू काय? मी खेकसले त्यांच्यावर. "बाबा, नीट बघून वाचा हो! काहीतरीच काय सांगताय तिला?" बाबा म्हणाले, "हं," आणि तसंच पुढे वाचत राहिले.

होळीच्या आसपासची गोष्ट. रविवारची दुपार, वर्गांना सुट्टी, मी आईच्या केसांना तेल लावत होते. बाबा नेहमीप्रमाणे स्टुलावर. "जिल्ह्यात कांद्याची लगबग," त्यांनी वाचलं. "शेतकऱ्यांनी यंदा लाल कांदा चाळीत भरायला घेतला असून, हा लाल कांदा दिवाळीपर्यंत उत्तम टिकतो."

कांदा न पिकवणाऱ्यांसाठी सांगते. लाल कांदा काढला की विकायचा, तो टिकत नाही. चाळीत, म्हणजे कांदा ठेवायच्या हवेशीर खोपीत, साठवतात तो उन्हाळ कांदा. पिंपळगावकडचं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. लाल कांदा चाळीत भरणारा माणूस आमच्या आजोळी वेड्यातच काढला असता.

माझ्या हाताखाली आईची मान ताठ झाली. डावा हात वर आला. चेहरा लालबुंद, अगदी पूर्वी त्या बातमीवालीवर व्हायचा तसा. "त..." ती म्हणाली. "त... उ..." बाबांनी पेपर खाली घेतला नाही. "दिवाळीपर्यंत," ते पुन्हा म्हणाले, मुद्दाम, ठासून, "लाल कांदा."

"उन्हाळ!" आई ओरडली.

उन्हाळ. माझ्या हातातली तेलाची वाटी सांडली, चादरीचं वाटोळं झालं, होऊ दे. "उन्हाळ! उन्हाळ!" आई म्हणत होती आणि सोफ्यावर हात आपटत होती. स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली होती. मी रडत होते, हसत होते, तिचे तेलकट गाल धरून पापे घेत होते. बाबा उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

मी मागोमाग गेले. ते ओट्याला धरून उभे होते. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"एवढी वर्षं कांदेवाल्यांचा जावई आहे मी," ते म्हणाले. "मला नाही कळत, लाल कुठला नि उन्हाळ कुठला?"

"म्हणजे ते नट, ती संक्रांत, सगळं मुद्दाम?"

"मॅडम म्हणाल्या, तिला बोलावंसं वाटू दे. आता मला कुठे गोष्टी येतात सांगता? गाणं येत नाही. पण मी चुकलो की तुझ्या आईला राहवत नाही, हे मला पक्कं ठाऊक. तेवढंच होतं बघ माझ्याकडे." त्यांनी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. मी त्यांच्यावर खेकसले होते ते आठवून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यानंतर शब्द येत गेले. भराभर नाही, एकेक करून. "पाणी." "नको." "पंखा." मध्येच भलता शब्द यायचा, चमच्याला ती मांजर म्हणायची आणि स्वतःच चिडायची. मॅडम खूश झाल्या. मग एके संध्याकाळी पडद्यावरची ती बया दुधाचा पेला घेऊन आली आणि आईने तिला, सावकाश पण स्पष्ट, "भ...वाने" म्हटलं. खालच्या काकू वर आल्या विचारायला. मी सगळ्यांना पेढे वाटले. आत्यांनाही.

आई बोलायला लागली तसे बाबा पुन्हा गप्प होत गेले. आता गरज काय होती? पेपर पुन्हा त्यांच्या तोंडासमोर गेला. खडीसाखरेची बरणी फळीवर गेली. "सुटलात बाबा," मी एकदा चेष्टेने म्हटलं. "आता तुमचं काम संपलं. आराम करा." ते म्हणाले, "हं."

त्या संध्याकाळी चहा झाला होता. टीव्हीवर सहा चौकटींत सहा माणसं ओरडत होती. बाबा पेपरामागे. आई मात्र टीव्हीकडे बघत नव्हती, त्या पेपराकडे बघत होती, बराच वेळ. मग तिने डाव्या हाताने रिमोट ओढला आणि टीव्ही बंद केला. आमच्या घरात ऐन बातम्यांच्या वेळी टीव्ही आईने बंद केलेला मी प्रथमच पाहिला. मला वाटलं, काही दुखतंय हिचं.

"अहो," ती म्हणाली.

पेपर खाली आला.

आई शब्द गोळा करत होती. ओठ दोनदा मिटले, उघडले. "बोला... ना."

"काय बोलू?" बाबा गोंधळले. "आता तू बोलतेस की."

"नाय." आईने मान हलवली. डोळ्यांत पाणी, पण चेहरा हट्टी. "तुम्ही. बोला. चुकीचं... बोललं... तरी... चालंल."

मला कळलं ते एका क्षणात. एवढी वर्षं ही बाई कोणाच्या आवाजाची वाट बघत त्या पेटीशी भांडत होती, हे मी तिची लेक असून मला दिसलं नव्हतं. मी कपबशा उचलायला वाकले आणि तशीच बसून राहिले.

बाबांनी चष्मा काढला. पेपराची घडी घातली, ती नीट बसली नाही, पुन्हा घातली. हातात आता वाचायला काही नव्हतं. ते खुर्चीवरून उठून आईजवळ सोफ्यावर येऊन बसले.

"तू बोलेनाशी झालीस ना," ते म्हणाले, "तेव्हा घर खायला उठायचं मला." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "वाटायचं, ही गेली तर मी कोणाचं ऐकू?"

 आईने काही दुरुस्ती केली नाही.