न खेळलेला सीझन

राजारामभाऊ गजभिये आमच्याकडे दर रविवारी भांडायला येतात. मॅच बघायला येतो असं ते म्हणतात, पण ते खोटं आहे. ज्याला मॅच बघायची असते तो सोफ्यावर टेकून बघतो. हे उभे राहून बघतात आणि माझ्या नवऱ्याचं डोकं खातात.

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये येऊन आम्हाला एकोणीस वर्षं झाली, राजारामभाऊंना त्याहून जास्त. ते एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतात. पंचावन्न वर्षांचे आहेत. अंगानं बारीक, शर्टाच्या खिशाला कायम पेन. बायको संघमित्रा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे आणि तिची वीकेंडला ड्यूटी असते, म्हणून सप्टेंबर ते जानेवारी हा माणूस माझ्या गळ्यात. मी पुण्याची, तोंडानं फटकळ. पहिल्या वर्षीच सांगून टाकलं, "भाऊ, चहा मिळेल, चिप्स मिळतील, पण मॅचच्या वेळी मी पोळ्या लाटणार नाही." ते म्हणाले, "वहिनी, पोळ्या मी आणतो." आणि खरंच आणतात, मऊसूत, फडक्यात गुंडाळून.

भांडणाचा विषय एकच. क्वार्टरबॅक.

टेक्सासमध्ये राहून इथला अमेरिकन फुटबॉल कळत नाही म्हणायची सोय नाही, म्हणून मीही थोडं शिकले. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन फेकणारा. सगळे कॅमेरे त्याच्यावर. त्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसं भिंत करून उभी राहतात आणि समोरून धावून येणाऱ्यांना अंगावर घेतात, म्हणजे याला फेकायला तीन-चार सेकंद मिळावेत. क्वार्टरबॅकला वर्षाला पाच-सहा कोटी डॉलर मिळतात. आणि गंमत अशी, की पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा प्रत्येक टीमला ठरवून दिलेली असते. एकाच्या ताटात जास्त वाढलं, की बाकीच्यांच्या ताटात कमी.

"हे पटतं तुला, दिगंबर?" राजारामभाऊ ओरडणार. "एवढं सगळं एकट्याला? त्याच्यासाठी आपटतात कोण? ते पाच! त्यांची नावं घे बरं एका तरी टीमची!"

"राजा, मॅच तो जिंकून देतो," दिगंबर, म्हणजे माझा नवरा, सोफ्यावरूनच. "बॉल त्याच्या हातात असतो."

"बॉल त्याच्या हातात ठेवला कोणी?"

राजारामभाऊंना त्या भिंतीतल्या माणसांची नावं पाठ होती, प्रत्येक टीमची. त्यातला कोणी पडला की हे पुढे सरकणार, तो उठेपर्यंत बसणार नाहीत. आमची सई सोळा वर्षांची, ती वरून खाली येऊन म्हणायची, "काका, इट्स जस्ट अ गेम." मी म्हणायचे, "अहो, तुमच्या खिशातून जातात का पैसे? मग एवढ्या मिरच्या का झोंबतात?" मला वाटायचं, माणूस जळतो. आपल्याला प्रमोशन मिळालं नाही म्हणून दुसऱ्याचा पगार डोळ्यांत खुपतो. असं मी संघमित्राच्या तोंडावरही बोलले होते. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांची मोठी बहीण आली, उपासनाताई. नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या. इतकी वर्षं भाऊ बोलवत होता आणि त्या येत नव्हत्या. आधी शाळा, मग वडिलांचा अर्धांगवायू, मग आईचं सगळं. दोघांचं शेवटपर्यंत त्यांनीच केलं. आता म्हणे सुटले, येते दोन महिने.

पहिल्या रविवारी राजारामभाऊ त्यांना घेऊन आले. सुती साडी, वर स्वेटर, पायात भावानं घेऊन दिलेले पांढरेशुभ्र स्नीकर्स. बोलणं कमी, पण नजर अशी, की मी आपोआप ओट्यावरचा पसारा आवरायला लागले. आणि त्या दिवशी आमचा भांडखोर पाहुणा खुर्चीत बसून राहिला. चूप. दिगंबरला करमेना.

"ताई, तुम्हीच सांगा," त्यानं विषय काढला. "तुमचा भाऊ म्हणतो, क्वार्टरबॅकची एवढी लायकीच नाही." मग त्यानं मर्यादा, पगार, पाच जणांची भिंत सगळं समजावून सांगितलं.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तो नसताना किती जिंकले?"

"अं?"

"हा मुलगा कधी आजारी पडला असेल, जखमी झाला असेल. तेव्हा काय झालं?"

सईनं फोनवर शोधलं. टीव्हीवर जो खेळत होता तो मागच्या वर्षी सात मॅच बाहेर होता. त्यातल्या पाच मॅच टीम हरली. दिगंबरनं मांडीवर थाप मारली. "झालं! सिद्ध झालं! तो नाही तर काही नाही."

"काहून सिद्ध झालं?" ताईंनी सईकडून कागद-पेन्सिल मागून घेतली, दोन रकाने आखले. शाळेतल्या फळ्यावर आखावेत तसे सरळ. "सगळं याला दिलं, म्हणून याच्या जागी उभा राहणारा कच्चाच मिळाला. भिंतही कच्ची. मग हरणारच ना बाप्पा. खरं बघायचं असलं तर त्याला थोडं कमी देऊन, बाकीच्यांना वाटून, तीच टीम त्याच वर्षी पुन्हा खेळवायला पाहिजे." त्यांनी दुसऱ्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. तो रिकामाच होता. "हा सीझन कोणी खेळलंच नाही. म्हणून तो लायक होता की नाही, हे कळायला मार्गच नाही. कोणालाच."

सई आ वासून बघत होती. "आजी, डिड यू स्टडी स्टॅटिस्टिक्स?"

"शिकणार होते," ताई म्हणाल्या आणि कागदाची घडी घातली.

राजारामभाऊ उठून मागच्या पॅटिओत निघून गेले. मी चहाचा कप घेऊन गेले तर कुंपणाकडे तोंड करून उभे. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलायला लागले.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत. घरात दोन पत्रं आलेली, दोन्ही अमेरिकेची. ताईला संख्याशास्त्राच्या पीएचडीचं, यांना इंजिनिअरिंगच्या एमएसचं. ताई एमएस्सीला युनिव्हर्सिटीत पहिली आली होती. हे आपले फर्स्ट क्लास काठावर. फंडाचे पैसे काढले आणि प्लॉट विकला, तरी एकालाच पाठवता येणार होतं. वडील चळवळीतले, घरात हुकूम चालवणं त्यांना पटायचं नाही. घरातली प्रत्येक मोठी गोष्ट मतदानानं ठरायची, बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून. चार माणसं, चार चिठ्ठ्या. वडील म्हणाले, "मनात असेल ते नाव लिहा. स्वतःचं लिहिलं तरी लाज नाही. दोन-दोन झालं तर मी ठरवीन."

"मी माझं लिहिलं, वहिनी," राजारामभाऊ म्हणाले. "पेन उचललं तेव्हा तिचंच लिहिणार होतो, खरं सांगतो. हातानं माझं लिहिलं. तीन मतं मला पडली, एक तिला. तिनंच चिठ्ठ्या उघडल्या, तिनंच मोठ्यानं वाचल्या आणि हसून मला पेढा भरवला."

"मग आईवडिलांनीही तुम्हालाच दिलं की मत."

"तेच तर धरून बसलोय आजवर. आई-बाबांचं मला, ताईचं तिला. तिनंही स्वतःचंच लिहिलं, मग मी लिहिलं तर काय बिघडलं? फिटंफाट. पण ती पहिली आली होती हो. तिला स्वतःचं लिहायचा हक्क होता. मला कशाचा?" चहावर साय धरली होती. "आणि मतं मोजली की तिला कळलंच असणार, मी तिचं लिहिलं नाही. एकतीस वर्षं मी तोंडानं कबूल केलेलं नाही."

आता मला कळलं, हा माणूस टीव्हीसमोर कोणावर ओरडत होता. माझा स्वभाव असा की रडू आलं की मी रागावते. "अहो मग सांगून टाका ना तिला! एवढे मोठे झालात, केस पिकले!"

"सांगतो. ती जायच्या आत सांगतो. त्यासाठीच तर बोलावलंय."

आठ रविवार होते. दर रविवारी मी दारातच भुवया उंचावून विचारायचे आणि ते मान हलवून नाही म्हणायचे. एकदा म्हणाले, काल गाडीत सांगणारच होतो, तेवढ्यात एक्झिट चुकला. एकदा म्हणाले, तिला सर्दी आहे. डोंबलाची सर्दी! तिला मॉल दाखवले, स्पेस सेंटर दाखवलं, घड्याळ घेतलं, टॅबलेट घेतला, बदाम-अक्रोडांनी दोन बॅगा भरल्या. नुसत्या वस्तू. ताई प्रत्येक वस्तूला "काहून रे एवढं" म्हणायच्या आणि नीट घडी करून ठेवायच्या. इकडे सईला त्या दर रविवारी तासभर संख्याशास्त्र शिकवायच्या. सई टीव्ही सोडून त्यांच्यापाशी बसायची. इतकं सोपं करून मलाही कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटचा रविवार. मंगळवारचं विमान. राजारामभाऊ आले, मान हलवली. नाही. मॅच सुरू झाली. क्वार्टरबॅकवर कोणीतरी चाल करून आलं, भिंतीतला एक जण मध्ये पडला आणि गुडघा धरून लोळायला लागला. स्ट्रेचर आलं. टीव्हीवाले मात्र क्वार्टरबॅकला काही लागलं का तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. राजारामभाऊ उभे राहिले होते, पण ओरडले नाहीत.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. "ताई, भाऊंना तुमच्याशी बोलायचंय. दोन महिने झाले, बोलायचंय."

दिगंबर माझ्याकडे बघतच राहिला. सईला घेऊन तो वर जायला निघाला, पण ताई म्हणाल्या, "राहू द्या. बोल रे."

राजारामभाऊ बोलले. उभ्यानंच, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. "ताई, त्या दिवशी मी माझं नाव लिहिलं होतं."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

"मतं मोजून ना?"

"चिठ्ठ्या कोणी उघडल्या होत्या? आईला लिहायला मी शिकवलं, तुला मी शिकवलं. बाबांचं अक्षर तर रोजचंच. चार चिठ्ठ्या, चार अक्षरं. मला ओळखू येणार नाहीत काय रे?"

राजारामभाऊ खाली बसले. मला वाटलं, चला, सुटला एकदाचा बिचारा. माझा जीव भांड्यात पडला होता. पण ते विचारून बसले, "मग ती एक चिठ्ठी? तुझ्या नावाची? ती तुझीच ना?"

ताईंनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"ती बाबांची होती."

"बाबांची?"

"आईनं तुझं लिहिलं. मी तुझं लिहिलं. मला वाटलं, तू माझं लिहिशील. मग दोन-दोन होईल आणि बाबा ठरवतील." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा सरळच होता. "बाबांचं तर ठरलेलंच होतं."

मी मनात बोटं मोजली, दोनदा मोजली: भाऊंनी तिचं नाव लिहिलं असतं तर दोन-दोन, आणि वडिलांचा कौल तिलाच. राजारामभाऊंनी एकदाच मोजली असणार, कारण त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. त्या हातांआडून ते म्हणाले, "बोलली का नाहीस? ताई, एकदा तरी?"

"तू बोलशील म्हणून थांबले. पहिल्या वर्षी वाटलं, पत्रात लिहिशील. मग वाटलं, बाबा गेले तेव्हा आलास, तेव्हा बोलशील. मग रागही आला. मग शाळेत पोरं होती, कामं होती. किती दिवस धरून बसायचं?"

हे सगळं मी घडवून आणलं होतं, रिमोट हातात घेऊन. मला वाटलं होतं, एक जुनं ओझं उतरेल आणि आपण सगळे चहा पिऊ. माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं, पण त्या दिवशी ती तोडून टाकावीशी वाटली. तो माणूस इतकी वर्षं ज्या एका गोष्टीच्या आधारानं उभा होता, ती मी त्याच्याकडून काढून घेतली होती.

ताई उठल्या, त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. राजारामभाऊंनी तोंड वर केलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, नाक वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं.

"ताई, मी त्याचं काही केलं का गं? तुझ्या वाट्याचं मला मिळालं, त्याचं? केलं ना मी नीट?"

"केलंस," ताई म्हणाल्या. "घर केलंस, पोरं शिकवलीस, कोणाचं वाईट केलं नाहीस. चांगलं केलंस तू." त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "पण मीही केलं असतं ना रे."